सारखाच बीएमआय, पण लठ्ठ कोण? जवानाच्या कमरेचं गणित

'सैन्यात एवढे टक्के जवान लठ्ठ' अशी बातमी अधूनमधून येते आणि खाली शेऱ्यांचा पाऊस पडतो. मोजलं कशानं, हे मात्र कुणी विचारत नाही. बहुतेक वेळा बीएमआयनं: किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. 25 पासून वजन जास्त, 30 पासून लठ्ठ. भारतीयांच्या अंगावर त्याच बीएमआयला चरबी जास्त असते, तीही पोटावर, म्हणून आपल्याकडे 23 आणि 25 या रेषा धरतात. जवान तेच, वजनं तीच, पण रेषा सरकली की टक्केवारी कुठल्या कुठे जाते.

आता परभणीच्या तालमीतला एक गडी घ्या आणि जालन्यात दिवसभर खुर्चीत बसणारा दुसरा. दोघंही 170 सेंमी, 82 किलो, म्हणजे बीएमआय 28.4. पहिल्याची मान 41 आणि कंबर 84 सेंमी, दुसऱ्याची मान 38 आणि कंबर 98. बीएमआयला दोघं सारखेच.

इथं टेप कामाला येते. अमेरिकी नौदलासाठी हॉजडन आणि बेकेट यांनी 1984 मध्ये बसवलेलं सूत्र कमरेतून मान वजा करतं. पोटाचा घेर चरबीनं वाढतो. जाड मान बरीचशी स्नायूंची खूण असते. पुरुषांसाठी, सगळं सेंमीत आणि लॉग दहाच्या पायाचा:

घनता = 1.0324 − 0.19077 × लॉग(कंबर − मान) + 0.15456 × लॉग(उंची)
चरबी टक्के = 495 ÷ घनता − 450

495 आणि 450 हे आकडे आभाळातून पडलेले नाहीत. चरबीची घनता 0.9 आणि बाकी शरीराची 1.1 ग्रॅम प्रति मिलिलिटर धरली आहे. घनतेच्या जागी 1.1 घाला, उत्तर शून्य टक्के येतं, 0.9 घाला, शंभर येतं. मधल्या प्रत्येक माणसाची जागा या दोन टोकांमध्ये ठरते. हिशोब केला तर तालमीतला गडी 14.6 टक्के आणि खुर्चीवाला 26.9 टक्के निघतो.

लॉगमुळे एक गंमत होते. पोट आत ओढून कंबर 2 सेंमीनं कमी दाखवली, तर खुर्चीवाल्याचे 1.3 टक्के घटतात, गड्याचे 1.7. मानेवर टेप 2 सेंमी सैल धरली तरी नेमका तेवढाच फायदा, कारण सूत्राला फक्त वजाबाकी दिसते. म्हणून टेप मानेवर कंठमण्याच्या खाली, पोटावर बेंबीच्या रेषेत आडवी; नेहमीसारखा श्वास सोडून झाल्यावर वाचायची; तीन वेळा मोजून सरासरी. कापडी टेप वापरून ताणते, ती स्टीलच्या पट्टीशी ताडून पाहावी. बायकांच्या सूत्रात नितंबांचा घेरही लागतो. एवढं सगळं पाळूनही एकेका माणसापुरती तीन-चार टक्क्यांची चूक धरूनच चालायचं. शिवाय सूत्र अमेरिकी खलाशांवर बसवलेलं, त्यामुळे आपल्या जवानांसाठी ते आधी डेक्सा स्कॅनशी (क्ष-किरणांनी अंगातली चरबी मोजणाऱ्या तपासणीशी) पडताळायला हवं. अमेरिकी लष्करानं 2023 मध्ये मान सोडून दिली. त्या वेळी बेंबीजवळचा घेर आणि वजन एवढ्यावर भागवायचं ठरवलं.

पायाखालच्या 'स्मार्ट' काट्यांचा उगाच गवगवा आहे. ते अंगातून बारीक वीज सोडून पाण्याचा अंदाज घेतात. मे महिन्यात घाम गाळून पाणी कमी झालं की तोच माणूस जास्त चरबीचा दिसतो. पोटाला पट्टा बांधून 'चरबी वितळवणारे' तर निव्वळ पाणी घालवतात, जे दोन तांबे प्यायलं की परत येतं.

सर्वेक्षणात आणखी एक खड्डा आहे. जवानाला नुसतं विचारलं तर उंची वाढते आणि वजन घटतं. खरे 73 किलो आणि 170 सेंमी असतील तर बीएमआय 25.3. सांगितले 72 आणि 172, की 24.3, आणि गडी यादीतून बाहेर. रेषेच्या आसपासच माणसांची दाटी असते, त्यामुळे एवढ्याशा थापेनं टक्केवारी बरीच घसरते. वयही पाहायला लागतं. भरतीला बारीक पोरंच पार होतात, पोट पुढं येतं ते नोकरीत. नव्या भरतीची आणि पंधरा वर्षं झालेल्यांची एकच सरासरी काढली, तर ती दोघांपैकी कुणाचीच नसते.