जुन्या कपाटावरचे थर : चपडा पॉलिश, ऑइल पेंट आणि 'डिस्ट्रेस' लूक

जुनं लाकडी फर्निचर आणायचं, घरीच घासायचं, वर खडूसारखा फिका रंग द्यायचा आणि मग कडा मुद्दाम खरवडून जुनाट करायच्या, म्हणजेच 'डिस्ट्रेस' करायच्या, याचं वेड हल्ली बरंच वाढलंय, मलाही आहे. पण पुण्यातल्या जुन्या सामानावर हे करण्याआधी ते आलं कुठून हे कळायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण आपलं लाकूड वेगळं आणि त्यावरचा थरही वेगळा.

मुळात वाड्यांत फर्निचर फारसं नव्हतंच. बैठक, लोड-तक्के, पाट, चौरंग, भिंतीतलं फडताळ, फार तर झोपाळा. टेबल-खुर्ची, आरशाचं कपाट वगैरे 1817 ची खडकीची लढाई झाली, इंग्रजांची छावणी म्हणजे कॅम्प वसला, त्यानंतर हळूहळू घरांत शिरलं, साहेबाची बदली झाली की बंगल्यातलं सामान लिलावात निघायचं आणि आपले सुतार तशाच वस्तू सागात नाहीतर शिसवात घडवायचे.

त्यावर लागायचं चपड्याचं पॉलिश. चपडा म्हणजे लाख, पळस-कुसुमाच्या फांद्यांवरचे किडे ती तयार करतात, आणि 19व्या शतकात युरोपात ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणायचे त्यासाठी लाख जायची ती आपल्याच देशातून. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा आणि फडक्याच्या बोळ्याने पातळ पातळ हात मारत राहायचं. वाळलेलं पॉलिश परत स्पिरिटनेच सैल होतं, त्यामुळे वर्षानुवर्षांनी सुद्धा लाकूड न खरवडता ते पुन्हा चमकवता येतं. पाण्यापुढे मात्र त्याचं काही चालत नाही.

आमचं नारायण पेठेतलं सागवानी कपाट 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा पाण्यात होतं. साग टिकला, पॉलिश पांढरंफटक पडलं. तेव्हा आधी घर सावरायचं की पॉलिशवाला बोलवायचा, आजोबांनी सरळ हिरवा ऑइल पेंट मारून टाकला. पुढे आजीच्या आवडीने चॉकलेटी, मग बाबांनी क्रीम. मी घासायला घेतलं तेव्हा कोपऱ्यावर क्रीमखालून चॉकलेटी, त्याखालून हिरवा असं एकेक वर येत गेलं आणि मी पॉलिश पेपर बाजूला ठेवून कितीतरी वेळ नुसती बघत बसले.

(लोखंडी कपाटं गोदरेज 1923 पासूनच बनवत होतं, नंतर सनमायका आला, आणि लाकडी सामान माळ्यावर नाहीतर भंगारात गेलं.)

आता डिस्ट्रेसचं. युरोपात साध्या घरांत पाइनसारखं स्वस्त लाकूड वापरायचे, ते रंगवायचेच. स्वीडनमध्ये 18व्या शतकाच्या शेवटी, राजा तिसरा गुस्ताव याच्या काळात, फिका राखाडी-पांढरा रंग रूढ झाला. हात लागून लागून कडांचा रंग उडायचा, ती खरी झीज. तसल्याच झिजलेल्या रूपाची फॅशन केली ती रेचल ॲशवेल यांनी, 1989 मध्ये सांता मोनिकात 'शॅबी शिक' दुकान काढून. 1990 मध्ये ॲनी स्लोन यांचा चॉक पेंट आला, तो फारसं न घासताच बसतो, म्हणून हे काम घरी कुणालाही जमायला लागलं. दोन रंगांच्या मध्ये कडांना मेणबत्ती घासायची, तिथला वरचा रंग पेपरने सहज सुटतो.

म्हणजे तिकडे रंग हाच दागिना, खालचं लाकूड साधं. आपल्याकडे उलटं, पॉलिशखालचा साग हाच ऐवज, त्यावर पांढरा रंग चढवलेला बघून मला खरंच वाईट वाटतं. पण ज्यावर आधीच ऑइल पेंटचे तीन-चार थर आहेत ते मात्र डिस्ट्रेस करायला उत्तम, तिथे खोटी झीज आणावीच लागत नाही, थर थोडे थोडे उघडायचे. फक्त कोरडं घासू नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) वर नको हा नियम नोव्हेंबर 2017 पासूनचा आहे, त्याआधीच्या रंगांत शिसं बरंच असू शकतं. वॉटर पेपर ओला करून घासा, चांगला मास्क लावा, पोरांना लांब ठेवा.

बुधवारी-रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजाराला जाताना मी पर्समध्ये स्पिरिटची छोटी बाटली आणि कापूस ठेवते. विकणाऱ्याला विचारून पायाच्या आतल्या बाजूला थोडं चोळायचं, कापसाला तपकिरी चिकट लागलं तर तो बहुतेक चपडा, मग त्याला पेपर लावायचा नाही, स्पिरिट आणि बोळाच पुरतो.