ध्यानपद्धती आणि भावना (कोकण किनारा)

डोळे मिटून बसलेली माणसे बाहेरून सारखीच दिसतात. आत कोण काय करतो, त्यावर राग, भीती आणि वागणूक यांत काय फरक पडेल हे ठरते. एका आधारावर चित्त टिकवणे, येईल ते नुसते पाहणे आणि मैत्री-करुणा मुद्दाम जोपासणे हे ध्यानाचे ढोबळ प्रकार. कोकणपट्टीत तिन्ही रुजले आहेत.

रत्नागिरीजवळच्या पावसला स्वामी स्वरूपानंदांची (१९०३–१९७४) सोहं साधना चालते. श्वास आत येताना ‘सो’, बाहेर जाताना ‘हं’. पडवीत माळ ओढणाऱ्या आजीचे नामस्मरणही याच जातीचे. भटकलेले मन पुन्हा पुन्हा जागेवर आणायची सवय लागते, घोकत बसलेली काळजी तेवढा वेळ तरी सुटते.

दुसऱ्या प्रकाराचा एक जुना धागा नालासोपाऱ्याशी, म्हणजे प्राचीन सुप्पारकाशी जोडलेला आहे. तिथल्या बाहियाला बुद्धाने सांगितले, ‘दिट्ठे दिट्ठमत्तं’: पाहिले त्यात पाहिलेलेच असू दे. गोराईच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात साडेतीन दिवस श्वास पाहिल्यावर अंगावरच्या संवेदना पाहायच्या असतात. अधिष्ठानाच्या, म्हणजे अजिबात न हलता बसायच्या तासात गुडघा ठणकतो, तिवरांतला डास कानाशी गुणगुणतो. हात उचलायचा नाही. उर्मी उठते, चढते, ओसरते. रागाच्या भरात तोंडातून शब्द जाण्याआधी उसंत मिळते ती या सरावातून. मात्र जुने आघात असलेल्यांना एवढे मौन बाधूही शकते. मानसोपचार चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच बसावे. दहाव्या दिवशी मैत्रीभावना शिकवतात आणि मगच मौन सुटते. हा क्रम फार शहाणपणाचा वाटतो.

कारण जर्मनीतल्या लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत मेंदूशास्त्रज्ञ टानिया सिंगर यांच्या चमूने नऊ महिन्यांच्या प्रशिक्षणात (निष्कर्ष २०१७) प्रकार वेगळे करून तपासले. ताण कमी वाटतो, असे सहभागी प्रत्येक टप्प्यानंतर सांगत; पण चारचौघांसमोर परीक्षा घेतल्यावर लाळेतले कॉर्टिसॉल (ताणाचे संप्रेरक) कमी वाढले ते करुणेच्या आणि दुसऱ्याची बाजू समजून घेण्याच्या सरावानंतर. नुसते श्वासावर आणि शरीरावर लक्ष ठेवून तो फरक पडला नाही.

तिसऱ्या प्रकाराची, मैत्रीची, जुनी गोष्टही इथलीच. सुनापरांत हा प्रदेश सामान्यतः याच किनाऱ्यावरचा मानला जातो. तिकडे निघालेल्या पूर्ण नावाच्या भिक्षूला बुद्धाने विचारले, ‘तिथले लोक उग्र आहेत, शिव्या दिल्या तर?’ (फटकळपणाची ख्याती जुनीच म्हणायची!) ‘हाताने मारत नाहीत, म्हणजे भलेच आहेत,’ पूर्ण म्हणाला. मारले तर? ढेकळे फेकत नाहीत. असे करत प्रश्न जिवावर आले, तरी त्याचा सूर बदलला नाही. पाली सुत्तानुसार त्याच पावसाळ्यात त्याने तिथे पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका जोडल्या.