रोड बाइक घेताय? आधी माप द्या

"तीस-पस्तीस हजारांत चांगली रोड बाइक कोणती?" असं विचारत, म्हणजे वाकड्या हँडलची, बारीक टायरची सायकल शोधत, नाशकातल्या आमच्या दुकानात गिऱ्हाईक येतं आणि आम्ही उलट विचारतो, "तुमची उंची किती?" काहींना ते टाळल्यासारखं वाटतं. तसं नाही. या किमतीत बहुतेक कंपन्यांच्या सायकलींत अॅल्युमिनियमची फ्रेम आणि खालच्या श्रेणीतले गिअर एवढंच मिळतं, कंपनी बदलली म्हणून फार फरक पडत नाही. साइज चुकली की मात्र सायकल दोन महिन्यांत गॅलरीत कपडे वाळत घालायच्या कामाला लागते.

नेहमीचा प्रसंग सांगतो. सेलमध्ये स्वस्त मिळाली म्हणून खोका थेट आमच्याकडे जोडायला येतो. उघडून बघावं तर फ्रेम 56 सेंटिमीटरची आणि मालक पाच फूट पाच इंच. सांगितलं की ठरलेलं उत्तर येतं, "मग सीट खाली घ्या ना थोडी."

सीट खाली घेतली की पाय टेकतात, हे खरं. पण हँडल जवळ येत नाही. सीट आणि हँडल यांतलं अंतर फ्रेमच्या वरच्या दांड्यावर ठरतं आणि तो दांडा कापता येत नाही. मग माणूस हात ताणून, सगळा भार तळव्यांवर टाकून चालवतो. सातपूरपर्यंत काही जाणवत नाही. त्र्यंबकचे अठ्ठावीस किलोमीटर केले की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, मान आखडते. त्यात सीट गरजेपेक्षा खाली असेल तर गुडघा पुढच्या बाजूने दुखतो. मग सायकल पुन्हा आमच्या स्टँडवर येते. आम्ही स्टेम, म्हणजे हँडल पुढे धरणारा तुकडा, छोटा टाकतो, सीट पुढे सरकवतो, पण त्यातून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच निघतात. त्याहून छोटा स्टेम टाकला तर हँडल अंगावर आल्यासारखं फिरतं. तासभर आमचा जातो, पैसे तुमचे जातात आणि सायकल मोठी ती मोठीच राहते.

माप घरीच काढता येतं. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहा. पावलांत वीतभर अंतर ठेवा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांच्या मध्ये धरून, सीटवर बसल्यावर जाणवेल इतपत घट्ट वर ओढा. पुस्तकाच्या वरच्या कडेपाशी भिंतीवर पेन्सिलची खूण करा आणि जमिनीपासून मोजा. समजा 80 सेंटिमीटर आलं. त्याला 0.66 ने गुणलं की 52.8, म्हणजे 52-53 च्या आसपासची फ्रेम. 0.883 ने गुणलं की 70.6, ही पायडलच्या दोन्ही दांड्यांमधल्या एक्सलपासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची. हा अंदाज आहे. धड लांब की पाय लांब, यावर एखादी साइज इकडेतिकडे होते. आणि एका कंपनीचा मीडियम दुसऱ्या कंपनीचा मीडियम नसतो, तेव्हा त्या मॉडेलचा तक्ता बघाच.

आम्ही माप घेतल्याशिवाय सायकल देत नाही आणि शेवटचा पीस उरला म्हणून चुकीची साइज सवलतीत खपवत नाही. गिऱ्हाईक परत गेलेलं चालतं. बाहेरून आणलेल्या सायकलीला जोडणीचे वेगळे पैसे घेतो, कारण खोक्यातून निघालेल्या सायकलीची चाकं ट्रू करणं म्हणजे त्यांचा वाकडेपणा काढणं, गिअर लावणं, हेडसेट म्हणजे हँडलखालचं बेअरिंग बघणं हे सगळं करावं लागतं. दुकानातून घेतलेल्या सायकलीला हे आणि पहिली सर्व्हिस किमतीतच आहे.

साइज जमली की बाकीचं सोपं आहे. अंबडला नोकरीला आणि रविवारी सिन्नरकडे, असा दुहेरी वापर असेल तर 28 मिलिमीटर रुंदीचे टायर बसतात का आणि मडगार्ड-कॅरिअरसाठी फ्रेमला भोकं आहेत का, एवढं आधी बघा. रोज लॅपटॉप पाठीवर घेऊन वाकून चालवणं त्रासाचं आहे. पुढची दोन पानं 50-34 दातांची आणि मागे मोठं पान निदान 28 दातांचं हवं. सिन्नरच्या वाटेवर मोहदरी घाटात त्याची किंमत कळते. टुर्नी आणि क्लॅरिस हे शिमानोचे गिअर, टुर्नी स्वस्तातला. टुर्नीच्या सात गिअरच्या शिफ्टरला अंगठ्याचं बटण वरच्या बाजूला असतं, खालचं हँडल धरलं की तिथे अंगठा पोचत नाही. क्लॅरिसमध्ये ब्रेकचा लिव्हरच आत ढकलून आणि त्याच्यामागच्या छोट्या पातीने गिअर बदलतात, तिथे खालून बोटं पोचतात. परवडत असेल तर तेवढे पैसे जास्त घाला, डिस्क ब्रेकच्या दिखाव्यापेक्षा ते कामाला येतात. नुसता ऑफिसचाच रस्ता असेल तर हायब्रिड घ्या, आम्ही तीच दाखवू. 2015 मध्ये डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी रेस अॅक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केल्यापासून नाशकात सगळ्यांना वाकडं हँडलच हवं असतं, त्याला आमचा इलाज नाही.

हवेबद्दल एकच. पेट्रोल पंपावर स्कूटरसारखी तीस-पस्तीस भरू नका. 28 च्या टायरला साधारण सत्तर-ऐंशी पीएसआय लागतं, वजनानुसार कमी-जास्त. कमी हवेत खड्डा लागला की ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. ते पंक्चर वॉरंटीत येत नाही. वॉल्व्ह बारीक असेल तर पंपाची नळी तशी बसणारही नाही, पितळी अडॅप्टर काउंटरवर मिळतो.

माप घ्यायला येताना रोजचे बूट घालून या, पँट फार सैल नको. सायकल इथूनच घ्यायला हवी असं नाही, मापाचे पैसे लागत नाहीत. शनिवारी संध्याकाळी मात्र येऊ नका. रविवारच्या राइडवाल्यांच्या सायकलींनी तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नसते.