मत्स्यजिऱ्यांचा पहिला पंधरवडा

अंड्यातून बाहेर आलेलं कटला-रोहूचं पिल्लू पहिले तीन दिवस पोटाशी असलेल्या बलकाच्या पिशवीवर भागवतं. पिशवी संपते तेव्हा ते जेमतेम ६ ते ८ मिलिमीटरचं, जिऱ्याच्या दाण्याएवढं असतं. म्हणून त्याला मत्स्यजिरे म्हणतात. पंधरा-वीस दिवसांत ते २५ मिलिमीटरच्या आसपास गेलं की मत्स्यबीज, आणि पुढे दोन-तीन महिन्यांत बोटाएवढं झालं की बोटुकली. यातला पहिला पंधरवडाच खरा जीवघेणा. मातीच्या संगोपन तळ्यात सोडलेल्या जिऱ्यांपैकी ३० ते ५० टक्के जगली तर ती चांगली गोष्ट मानतात.

बाकीची जातात कुठे? काही उपाशी मरतात, काही दुसऱ्याच्या पोटात जातात.

दुसऱ्यांमध्ये आधी येतात मरळ, मांगूरसारखे मासे. तळं उन्हात भेगा पडेपर्यंत वाळवता आलं तर प्रश्नच मिटतो. पाणी काढता येत नसेल तर हेक्टरी २५०० किलो मोहाची पेंड टाकतात. तिच्यातलं सॅपोनिन हे माशांना विषारी द्रव्य कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि तांबड्या पेशी फोडतं. विषाचा जोर दोन-तीन आठवड्यांत ओसरतो आणि उरलेल्या पेंडीचं खत होतं. मात्र तेवढे दिवस हाताशी ठेवावे लागतात. जिरे आणायची तारीख ठरली आणि मग पेंड आठवली, तर उपयोग नाही.

आता जेवण. जिऱ्याच्या तोंडात मावेल असा घास म्हणजे रोटिफर, मिलिमीटरच्या दशांशाएवढा प्राणी. त्याची मादी नराविना पिल्लं देते, त्यामुळे खाणं मिळालं की संख्या भराभर चढते. म्हणून जिरे सोडण्याच्या दोन-तीन दिवस आधी शेंगदाणा पेंड, शेण आणि सुपर फॉस्फेट भिजवून त्याची रबडी तळ्यात पसरतात. त्यावर जिवाणू आणि शेवाळ वाढतं, आणि त्यांच्यावर रोटिफर. पण त्यांचा बहर थोड्या दिवसांचाच. मागून मोइना, डॅफ्नियासारखे पाणपिसू येतात आणि खाण्यात रोटिफरना मागे टाकतात. थोडी वाढलेली पिल्लं पाणपिसू आवडीनं खातात, नुकतं तोंड उघडलेल्या जिऱ्याला मात्र तो घास मोठा पडतो. सायक्लॉप्स हे पाण्यातले आणखी एक इवले प्राणी तर उलट जिऱ्यालाच चावतात. खत आठवडाभर लवकर पडलं तर ताट वाढलेलं असतं, पण भलत्याच पाहुण्यांसाठी. बारीक जाळीच्या कापडातून ५० लिटर पाणी गाळून परीक्षानळीत गाळ बसू द्यायचा. तो १ ते २ मिलिलिटर भरला की तळं तयार. नुसत्या हिरव्या रंगावर भरवसा ठेवू नये, तो शेवाळाचा असतो.

खत पडलं की पाणकिडेही येतात, तेही उडत. पाठीवर पोहणारा ढेकूण वल्ह्यासारखे पाय मारत येतो, जिऱ्याला धरतो आणि सोंड खुपसून रस शोषतो. त्याला श्वासासाठी पृष्ठभागावर यावंच लागतं, तिथेच त्याला गाठायचं. हेक्टरी ५६ किलो खाद्यतेल आणि १८ किलो स्वस्त साबण घोटून पाण्यावर पसरतात. त्या पातळ सायीनं किड्यांची श्वासछिद्रं बुजतात. जिरे त्यानंतर १२ ते २४ तासांनी सोडायचे. वाऱ्याच्या दिवशी हा खटाटोप करू नये. साय फाटून काठाला गोळा होते आणि मधले किडे मजेत राहतात. चतुराच्या अळ्यांवर तेल चालत नाही, त्या गुदद्वारातल्या कल्ल्यांनी पाण्यातच श्वास घेतात. त्यासाठी जाळंच ओढावं लागतं.

एवढं जमलं की सोडणं सोपं. जिऱ्यांची पिशवी तळ्यात तरंगत ठेवायची, आतलं-बाहेरचं तापमान जुळलं की तोंड उघडायचं आणि तळ्याचं पाणी थोडंथोडं आत घेत पिल्लांना आपणहून बाहेर जाऊ द्यायचं. मातीच्या तळ्यात हेक्टरी ३० ते ५० लाख जिरे मावतात. एवढ्या गर्दीला रोटिफर पुरत नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवसापासून शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समप्रमाणात दळून देतात: पहिले पाच दिवस लाखामागे रोज ६०० ग्रॅम, मग दुप्पट. त्याहून जास्त टाकलेलं तळाशी कुजतं, त्यात प्राणवायू खर्च होतो आणि पहाटे पिल्लं पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात.

पंधरवड्यानंतर मत्स्यबीज काढायचं, तेही सकाळच्या गारव्यात. आदल्या दिवशी खाणं बंद ठेवतात, कारण भरल्या पोटाची पिल्लं वाहतुकीत पिशवीतलं पाणी घाण करतात.