पाच रेघा आणि पेटीची पांढरी एक

गणपतीत भजनाला बसताना बुवा पेटीवाल्याला नुसतं ‘काळी चार’ म्हणतात. तेवढ्यावर सा ठरतो, बाकीचे स्वर आपोआप आपापल्या जागी येतात. दुसऱ्या बुवांचा गळा वेगळा असला तर सा काळी एकवर. पाश्चात्त्य स्वरलिपीत मात्र प्रत्येक स्वराची पट्टी लिहितानाच पक्की करावी लागते. तिथे पाच आडव्या रेघा असतात, पण कुठली रेघ म्हणजे कुठली पट्टी, हे त्या रेघांवरून कळत नाही. ते डाव्या टोकाचं चिन्ह सांगतं. त्यालाच क्लेफ म्हणतात.

मुख्य चिन्हं तीन. ट्रेबल क्लेफचं वेटोळं खालून दुसऱ्या रेघेभोवती फिरतं. ती रेघ जी, म्हणजे पांढरी पाच, साधारण 392 हर्ट्झ (सेकंदाला 392 कंपनं). बास क्लेफचे दोन ठिपके चौथ्या रेघेच्या वर-खाली बसतात. ती रेघ एफ, खालच्या सप्तकातली पांढरी चार, 175 हर्ट्झ. सी क्लेफचा मध्य ज्या रेघेवर येईल तिथे पियानोच्या मधोमध असणारा सी, पांढरी एक, 262 हर्ट्झ.

आता हे आकडे शेजारी ठेवून बघा. 175 ची दीडपट जवळजवळ 262, आणि 262 ची दीडपट जवळजवळ 392. दीडपट म्हणजे आपला षड्ज-पंचम भाव! एफला सा धरलं तर सी त्याचा पंचम, आणि सीला सा धरलं तर जी पंचम. तंबोऱ्यावर कान तयार झालेल्या माणसाला ही रचना परकी वाटू नये.

एकाच क्लेफवर का भागत नाही? पाच रेघा, मधल्या चार जागा आणि वर-खाली एकेक धरून जेमतेम अकरा स्वर मावतात. त्यापलीकडच्या स्वरांसाठी आखूड जादा रेघा ओढाव्या लागतात. चेलो म्हणजे व्हायोलिनचंच मोठं, खर्जातलं भावंड. त्याचा सर्वांत खालचा स्वर 65 हर्ट्झचा. तो ट्रेबलमध्ये लिहायचा तर अशा आठ रेघा मोजत बसा. बास क्लेफमध्ये दोनच पुरतात.

म्हणून व्हायोलिन, बासरी, क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि पियानोचा उजवा हात ट्रेबलमध्ये. चेलो, ट्रॉम्बोन, ट्युबा आणि पियानोचा डावा हात बासमध्ये. गिटारही ट्रेबलमध्ये लिहितात, पण ती वाजते लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली. व्हायोला, म्हणजे व्हायोलिनहून थोडी मोठी, ट्रेबल आणि बास यांच्या मधली, तिचा सी तिसऱ्या रेघेवर. चेलो, ट्रॉम्बोन किंवा बसून नावाचं फुंकवाद्य फार वर चढलं की तोच सी चौथ्या रेघेवर सरकवतात. ढोल-झांजांसारख्या तालवाद्यांना स्वराची रेघ लागतच नाही. त्यांच्यासाठी दोन जाड उभ्या रेघांचं वेगळं चिन्ह आहे.

वसईच्या लग्नांत वाजतो त्या ब्रास बँडच्या घराण्यात मात्र एक गंमत आहे. ब्रिटिश धाटणीच्या ब्रास बँडमध्ये भलामोठा ट्युबासुद्धा ट्रेबल क्लेफ वाचतो. हिशोब सोपा: कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं छोटं वाद्य) वाजवणारा उद्या ट्युबावर बसला, तरी कागदावरच्या त्याच खुणेला बोटं तीच दाबायची. आवाज तेवढा खाली येतो.