मॉर्बियसपेक्षा त्याचं वाघूळ भारी

मॉर्बियस शेवटी परवा बघून टाकला. १ एप्रिल २०२२ ला रिलीज झालेला पिक्चर, तारखेवरूनच समजायला हवं होतं. मीम्सचा पाऊस पडला म्हणून जूनमध्ये अमेरिकेत परत थिएटरात लावला, तर परत आपटला. पण माझा राग ॲक्टिंगवर नाही. ओरिजिन स्टोरीत पॉवर आली कुठून हेच तर सांगायचं असतं ना, आणि नेमकं तेच घाईघाईत उरकलंय. रक्ताचा दुर्मिळ आजार असलेला डॉक्टर मॉर्बियस कोस्टा रिकातून रक्त पिणारी वाघळं आणतो, त्यांचा डीएनए आपल्यात मिसळतो, झाला सुपरहिरो! मिक्सरमधून मिल्कशेक काढल्यासारखं.

आणि त्या वाघळाची सगळ्यात भारी पॉवर बाजूलाच राहिली. आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढणं तर आपल्याकडची छोटी वटवाघळंपण करतात. पण हे जेमतेम ३०-४० ग्रॅमचं रक्त पिणारं वाघूळ अंधारात झोपलेल्या गाईजवळ जातं आणि कातडीखाली गरम रक्ताची शीर नेमकी कुठे आहे ते नाकाने ओळखतं, वासाने नाही, उष्णतेने. साधारण २० सेंटीमीटरवरून.

आता हे कसं, तर त्यासाठी मिरचीकडे जावं लागेल. ठेचा खाल्ल्यावर तोंडात आग पडते पण जीभ काही भाजलेली नसते. आपल्या नसांच्या टोकांवर टीआरपीव्ही१ नावाचं एक प्रोटीन असतं, एक दार समजा. तापमान ४३ अंशांच्या आसपास गेलं की दार उघडतं, कॅल्शियम-सोडियमचे आयन (विद्युतभार असलेले कण) आत घुसतात आणि मेंदूला निरोप जातो, भाजलं! मिरचीतलं कॅप्सेसिन तेच दार तापमान न वाढताच उघडतं, मेंदू फसतो. हे दार १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या लॅबने शोधलं, २०२१ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं (विभागून). पिक्चरमधला डॉक्टर कृत्रिम रक्तासाठी मिळालेलं नोबेल नाकारतो, असो.

२०११ मध्ये ज्युलियस यांच्याच टीमने दाखवलं की रक्त पिणाऱ्या वाघळाने हेच दार वापरलंय. इथे जरा डोकं लावा. जीनवरून आधी आरएनएची कच्ची कॉपी निघते, मग तिच्यातले नको ते तुकडे कापून उरलेले जोडले जातात, यालाच स्प्लायसिंग म्हणतात. वाघळाच्या चेहऱ्याकडच्या नसांमध्ये या जोडणीत एक छोटासा जादा तुकडा राहू दिला जातो आणि त्यात 'थांबा' असा कोडॉन (तीन अक्षरांची खूण) असतो, म्हणजे प्रोटीन बनवणारं रायबोसोम तिथेच थांबतं, शेवटची ६२ अमिनो ॲसिडं (प्रोटीनच्या माळेतले मणी) जोडलीच जात नाहीत, शेपूट तुटलेलं प्रोटीन तयार होतं आणि त्याचं दार ४३ ऐवजी ३० अंशांच्या आसपासच उघडायला लागतं. बाकी अंगातल्या नसांमध्ये मात्र नेहमीचंच लांब प्रोटीन. तेच छोटं प्रोटीन सगळ्या अंगभर असतं तर बिचाऱ्याला भर दुपारी अंगाला ठेचा चोळल्यासारखं झालं असतं. शिवाय ही उष्णता ओळखणारे नाकाजवळचे खळगे बाकी चेहऱ्यापेक्षा थंड असतात, नाहीतर स्वतःचीच ऊब मोजत बसलं असतं.

म्हणजे बघा, जीन परका नाहीच. टीआरपीव्ही१ मॉर्बियसकडे पण होता, माझ्याकडे पण आहे. वाघळाने तो वाचायची पद्धत बदलली, तीही फक्त नाकापुरती. मग नुसता डीएनए ओतून काय होणार?

जाता जाता, रक्त पिणाऱ्या वाघळांच्या तीनच जाती आहेत आणि त्या मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच सापडतात. आपल्याकडची मोठी वटवाघळं फळं खातात. ती केसात अडकत नाहीत, अपशकुन करत नाहीत, आणि त्यांच्या चरबीच्या तेलाने गुडघेदुखी जाते म्हणून त्यांना मारणाऱ्यांना काय म्हणावं! रक्त पिणारी वाघळंसुद्धा रक्त शोषत नाहीत, दातांनी चरा पाडून मांजरासारखं चाटतात.

अजून एक. दोन-तीन रात्री उपाशी राहिलं तर हे वाघूळ मरतं. १९८४ मध्ये जेराल्ड विल्किन्सन यांनी त्याच कोस्टा रिकात केलेल्या अभ्यासातून दाखवलं की पोट भरलेलं वाघूळ उपाशी सोबत्याला स्वतःच्या पोटातलं रक्त ओकून भरवतं. पिक्चरमध्ये मात्र तेच वाघूळ अंगात भिनलेले दोन जिवलग मित्र एकमेकांच्या जिवावर उठतात. स्पॉयलर दिला, पण बघू नकाच.