सहा मीटरवरची अक्षरं

रविवार कारंजाजवळच्या एका छोट्या चष्म्याच्या दुकानात आईचा नंबर काढायला गेलो होतो. तक्ता तिच्या पाठीमागे टांगलेला, समोर तीन मीटरवर आरसा. तक्त्यावरची अक्षरं मुद्दाम उलटी छापलेली, म्हणजे आरशात ती सुलटी दिसतात आणि नजरेचं अंतर सहा मीटर भरतं.

आपल्याकडे लग्नात वसिष्ठाशेजारची अरुंधती दाखवतात, ती चांगल्या नजरेचीही खूण मानली जाई. दोन ताऱ्यांमधलं अंतर सुमारे 12 कोनीय मिनिटं (एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट). निरोगी डोळ्याला 1 मिनिटाचा फरकही कळतो, त्यामुळे खरी अडचण अरुंधतीच्या मंदपणाची.

कागदावर मोजमाप आलं ते युरोपात. व्हिएन्नाचे नेत्रतज्ज्ञ येगर यांनी 1854 मध्ये वाचनाचे लहानमोठे उतारे छापले, पण आकार छापखान्याच्या खिळ्यांवर अवलंबून होते. 1862 मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचे नेत्रतज्ज्ञ हर्मान स्नेलेन यांनी अक्षरच कोनावर बेतलं: पूर्ण अक्षर 5 मिनिटांचं, त्याची प्रत्येक रेघ 1 मिनिटाची. सहा मीटरवरचं 6/6 चं अक्षर जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर उंच भरतं, 6/60 चं त्याच्या दहापट. 6/60 म्हणजे परीक्षेतले गुण नव्हेत. निरोगी डोळा जे 60 मीटरवरून वाचतो, ते तुम्हाला सहावरून वाचता येतं, एवढाच अर्थ.

देवनागरीत मात्र हे गणित तंतोतंत बसत नाही. शिरोरेषा बहुतेकांना सारखीच, मग 'म' आणि 'भ' वेगळे ओळखायचे ते एका बारीक वळणावरून आणि शिरोरेषेतल्या छोट्या फटीवरून. आई तिथेच अडखळली. ज्यांना अक्षरओळख नाही, त्यांच्यासाठी चार दिशांना फिरवलेला इंग्रजी 'ई' असतो. बोटांनी दिशा दाखवली की झालं. त्यात कुणाला लाजावं लागत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

भारताचा अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 मध्ये सुरू झाला. आजही पहिली चाळणी हाच तक्ता. पण काचबिंदूत बाजूची नजर आधी जाते आणि 6/6 बराच काळ टिकू शकतं, तेव्हा तक्ता वाचता आला म्हणून डॉक्टर टाळू नयेत.

दुकानदारांनी शेवटी आईच्या डोळ्यासमोर बारीक छिद्राची चकती धरली. नुसता चष्म्याने सुधारणारा दोष असेल तर छिद्रातून स्पष्ट दिसतं. उजव्या डोळ्याने ती दोन ओळी पुढे गेली. डाव्याने तीच ओळ. "आधी डॉक्टरांना दाखवा, चष्मा नंतर करू," ते म्हणाले. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला.